सोहोच्या पेढीवरची दोन नावे

चुलीवर किटली उकळते आहे, तिचे झाकण वाफेने थडथडते आहे आणि शेजारी एक मुलगा ते टक लावून पाहत बसला आहे, हे चित्र शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून कित्येकांच्या मनावर कायमचे ठसले आहे. तो मुलगा म्हणजे जेम्स वॅट आणि त्या झाकणातून निघाले ते यंत्रयुग, एवढा धडा बहुतेकांना पाठ असतो. या गोष्टीचे मूळ मात्र फारसे कोणी पाहत नाही. वॅट साठीच्या घरात असताना, १७९८ साली, त्याच्या नात्यातील एका स्त्रीने त्याच्या लहानपणच्या काही आठवणी सांगितल्या. किटलीपाशी तासभर रिकामा बसलेल्या मुलाला घरातील वडीलधारी बाई आळशी म्हणून रागे भरते, ही त्यांतली एक. वॅट वारल्यानंतर आरागो या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीत १८३४ साली त्याचे जे गुणगौरवपर चरित्र वाचले त्यात ती आठवण आली, आणि तेथून ती जगभर पसरली. खरे पाहता वाफेवर चालणारा पंप टॉमस न्यूकोमेन याने १७१२ साली, म्हणजे वॅटच्या जन्माआधी चोवीस वर्षे, इंग्लंडात डडलीच्या कोळशाच्या खाणीजवळ उभा केला होता. पण किटलीच्या त्या चित्राचा याहून मोठा दोष निराळाच आहे. त्यात एकच माणूस दिसतो.

दुसऱ्या माणसाचे नाव मॅथ्यू बोल्टन. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणीवर किंवा लंडनच्या एखाद्या पिठाच्या गिरणीत नवे बाष्पयंत्र आले, तर ते 'बोल्टन आणि वॅट' यांचे यंत्र म्हणून येई. बोल्टन आधी, वॅट मागून. पंचवीस वर्षांची ती भागीदारी उद्योगधंद्यांच्या इतिहासातील सर्वांत यशस्वी भागीदाऱ्यांपैकी एक मानली जाते. तथापि आज विजेच्या दिव्यावर छापलेले असते ते वॅटचे नाव. बोल्टनचे नाव उच्चारले तर सुशिक्षित मनुष्यही क्षणभर थबकतो. एका दुकानाचे दोन मालक असावेत, गल्ला दोघांनी मिळून भरावा आणि पाटीवरचे एक नाव काळाने पुसून टाकावे, असा हा प्रकार झाला. तो कसा झाला, आणि हयात असताना त्या दोघांनी आपापसांत ही गोष्ट कशी निभावली, हे पाहण्यासारखे आहे.

बोल्टनचा जन्म १७२८ सालचा, बर्मिंगहॅमचा. बाप जोड्यांची बकले आणि तशाच बारीकसारीक धातूच्या वस्तू करणारा. मुलाने तोच धंदा हाती घेतला, पण लहान प्रमाणावर काही करणे त्याच्या स्वभावात नव्हते. गावापासून सुमारे दोन मैलांवर, सोहो नावाच्या माळावर, त्याने १७६०च्या दशकात जो कारखाना बांधला तो पाहायला युरोपभरचे सरदार आणि प्रवासी येऊ लागले. बटणे, बकले, घड्याळांच्या साखळ्या, चांदीची भांडी, शोभेच्या फुलदाण्या असा तेथला माल. गिऱ्हाइकांत खुद्द राजा तिसरा जॉर्ज आणि त्याची राणी. बर्मिंगहॅमच्या चांदीवर छाप उठविण्यासाठी ती पूर्वी चेस्टरसारख्या दूरच्या गावी पाठवावी लागे. बोल्टनने पार्लमेंटात खटपट करून १७७३ साली गावातच कसोटीचे कार्यालय आणविले. त्याच्या घरी पौर्णिमेच्या सुमारास मित्रमंडळी जमत. परतताना वाटेवर चांदणे असावे म्हणून पौर्णिमा. त्यांत चार्ल्स डार्विनचा आजा इरॅस्मस डार्विन होता, ऑक्सिजनचा शोध लावणारा प्रीस्टली होता, कुंभारकामाचा सम्राट वेजवुड होता. एका शब्दात सांगायचे तर बोल्टन हा प्रसिद्ध माणूस होता, आणि वॅटची गाठ पडली तेव्हा प्रसिद्धीत उणा होता तो वॅट.

जेम्स वॅट स्कॉटलंडमधील ग्रीनॉकचा, १७३६ साली जन्मलेला. ग्लासगो विद्यापीठात तो शास्त्रीय उपकरणे दुरुस्त करीत असे. न्यूकोमेनच्या यंत्राची एक लहान प्रतिकृती १७६३-६४च्या हिवाळ्यात त्याच्याकडे दुरुस्तीस आली. हे यंत्र कोळसा फार खाई, याचे कारण त्याच्या ध्यानात आले. एकाच सिलिंडरात आधी वाफ सोडायची आणि मग थंड पाण्याने तीच वाफ थिजवायची, म्हणजे दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्यास सिलिंडर तापवायचा आणि निववायचा. १७६५ सालच्या मे महिन्यातील एका रविवारी गावच्या कुरणावर फिरत असताना त्याला उपाय सुचला: वाफ थिजविण्यासाठी वेगळे भांडे जोडावे, आणि सिलिंडर सदा तापलेलाच ठेवावा. कल्पना इतकी साधी आणि इतकी मोठी होती. पण कल्पना सुचणे आणि खाणीवर यंत्र चालणे यांत अकरा वर्षांचे अंतर पडले. त्या अकरा वर्षांचा हिशेब किटलीच्या गोष्टीत कोठेच येत नाही.

वॅटचा पहिला भागीदार जॉन रोबक. त्याने वॅटचे सुमारे हजार पौंडांचे कर्ज अंगावर घेतले आणि पेटंटाचा दोन-तृतीयांश हिस्सा मिळविला. पेटंट १७६९च्या जानेवारीत पदरात पडले. रोबकने बोल्टनला सुचविले की, इंग्लंडच्या मध्यभागातील तीन परगण्यांपुरता यंत्रे करण्याचा परवाना घ्या. बोल्टनने वॅटला जे उत्तर लिहिले ते धंद्याच्या इतिहासात अमर झाले आहे. तीन परगण्यांसाठी यंत्रे करण्यात आपल्याला गोडी नाही, सगळ्या जगासाठी करायची असतील तर मात्र हे काम हाती घेण्याजोगे आहे, असा त्याचा आशय. याच पत्रात त्याने मोकळेपणाने हेही कळविले की, आपल्याला यात ओढणाऱ्या गोष्टी दोन आहेत: वॅटविषयीचा लोभ, आणि पैसा मिळवून देणाऱ्या कल्पक उद्योगाचा लोभ. दोन्ही लोभ एका वाक्यात, आणि एकमेकांना न लाजता!

रोबक १७७३ साली बुडाला. त्याच वर्षी वॅट स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात कालव्याची पाहणी करीत असता त्याची बायको बाळंतपणात वारली. रोबककडून बोल्टनच्या पेढीला बाराशे पौंड येणे होते. त्यापोटी बोल्टनने पेटंटाचा तो दोन-तृतीयांश हिस्सा मागून घेतला. इतर धनकोंच्या लेखी त्या कागदाची किंमत कवडीचीही नव्हती, आणि सोहोतील त्याचा तेव्हाचा भागीदार फॉदरगिल यालाही त्यात रस वाटला नाही. पुढच्या वर्षी वॅट आपले खिळखिळे यंत्र घेऊन बर्मिंगहॅमला आला. सोहोत कुशल कारागीर होते. शेजारच्या जॉन विल्किन्सनने तोफा कोरण्यासाठी काढलेल्या नव्या यंत्राने सिलिंडर आतून इतका नेमका गोल करता येऊ लागला की दट्ट्याच्या कडेने वाफ निसटणे थांबले. पेटंटाची मुदत मात्र निम्मी सरत आली होती. बोल्टनने ओळखी वापरल्या, खर्च केला आणि १७७५ साली पार्लमेंटाकडून खास कायदा करवून ती १८०० पर्यंत वाढवून घेतली. मक्तेदारीला विरोध म्हणून एडमंड बर्कसारखा वक्ता आड आला, तरीही.

आता करारनामा पाहा. मुदत पंचवीस वर्षे. पेटंटाचा दोन-तृतीयांश हक्क बोल्टनचा. प्रयोगांचा, कायद्याचा आणि मालाचा सारा खर्च त्यानेच सोसायचा. वॅटने नकाशे काढायचे, यंत्रांची देखरेख करायची आणि नफ्याचा एक-तृतीयांश घ्यायचा. शोध ज्याचा त्याला तिसरा हिस्सा आणि भांडवल ज्याचे त्याला दोन, हे वाचून आजचा वाचक कदाचित बोल्टनवर रुष्ट होईल. पण कर्ज बुडाले असते तर बुडणार होता तो बोल्टनच. आणि या करारात एका गोष्टीबद्दल अक्षर नव्हते. यशाचे श्रेय कोणाच्या नावावर किती चढवायचे, याचे कलम त्यात नव्हते. पुढे लोकांनी ते कलम आपल्या हाताने लिहिले आणि प्रमाण नेमके उलटे करून टाकले.

पहिली यंत्रे १७७६च्या मार्चमध्ये चालू झाली. त्याच महिन्यात डॉ. जॉन्सनचा चरित्रकार बॉस्वेल सोहो पाहावयास आला. त्याला कारखाना दाखविताना बोल्टनने सांगितले की, आपल्याकडे जो माल विक्रीस आहे तो जगात प्रत्येकाला हवा असतो, आणि तो माल म्हणजे सामर्थ्य. इंग्रजी शब्दात सत्ता आणि शक्ती असे दोन्ही अर्थ येतात, आणि दोन्ही त्याला अभिप्रेत असणार. बॉस्वेलला बोल्टन एखाद्या टोळीच्या लोखंडी नायकासारखा भासला. त्या वर्णनात सातशे कामगार आहेत. यंत्र ज्याच्या डोक्यातून निघाले तो मनुष्य मात्र त्यात दिसत नाही. तेव्हाची परिस्थिती अशी होती.

वॅटला याचे वैषम्य वाटल्याची नोंद नाही. वाटण्याचे कारणही नव्हते. पाहुण्यांशी बोलणे, गिऱ्हाइकांशी घासाघीस करणे, पैशांची मागणी करणे या गोष्टी त्याला मरणप्राय वाटत. हिशेबाचा तंटा मिटविण्यापेक्षा किंवा सौदा ठरविण्यापेक्षा भरलेल्या तोफेपुढे उभे राहणे बरे, असे तो म्हणे. डोकेदुखीने आणि उदासीने तो वरचेवर ग्रासलेला असे. धंद्याची रीत मोठी विलक्षण होती. पेढी यंत्र विकून मोकळी होत नसे. जुन्या यंत्राच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा भाग खाणवाल्यांनी वर्षानुवर्षे द्यायचा, असा ठराव असे. यंत्राच्या तुळईला कुलूपबंद पेटीत एक गणकयंत्र लावलेले असे आणि त्यावरून फेऱ्या मोजल्या जात. कॉर्नवॉलला स्वतःचा कोळसा नव्हता, तो वेल्समधून जहाजाने यायचा. त्यामुळे तेथे ही बचत डोळ्यांत भरण्याइतकी होती, आणि देणेही डोळ्यांत खुपण्याइतके. खाणवाले कुरकुरत, देणी अडवीत. वॅट महिनोन्महिने त्या परगण्यात राहून निराशेची पत्रे धाडी. इकडे बोल्टन वडिलार्जित मालमत्ता विकून, बायकोकडून आलेली इस्टेट गुंतवून आणि सावकारांची दारे ठोठावून पेढी तरती ठेवीत होता. बँकेच्या कर्जाच्या कागदावर सही करण्याच्या कल्पनेनेच वॅटची झोप उडे. या पत्रव्यवहारात बोल्टन चिडला आहे असे क्वचित दिसते. तो धीर देतो, थट्टा करतो आणि पुढचे काम सांगतो.

हे पुढचे काम सांगणे महत्त्वाचे आहे. १७८१ साली बोल्टनने वॅटला कळविले की, लंडन, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमच्या लोकांना वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांचे वेड लागले आहे, तेव्हा पाणी उपसणारे यंत्र पुरे, चाक फिरविणारे यंत्र काढा. वॅट नाखूश होता. तरी त्याने काढले, आणि त्याच्या आयुष्यातील उत्तम कल्पनांपैकी निम्म्या त्यानंतरच्या सात वर्षांतल्या आहेत: दोन्ही बाजूंनी वाफ घेणारा सिलिंडर, दट्ट्याचा दांडा सरळ रेषेत ठेवणारी ती सुंदर दांड्यांची जुळणी, वेग सांभाळणारे फिरते गोळे. त्या जुळणीचा तर म्हातारपणी त्याला आपल्या सर्व शोधांपेक्षा अधिक अभिमान होता. ही बुद्धी वॅटची, यात शंका नाही. पण ती कोठे लावायची, हे ओळखणारा डोळा बोल्टनचा होता. त्या डोळ्यास शोध म्हणावे की नाही, या प्रश्नापाशी सारे अडते.

दोघांनी आपापसांत मात्र एक सोपी वाट काढलेली दिसते. पेटंटे सारी वॅटच्या एकट्याच्या नावावर, बोल्टनने त्यांत आपले नाव कधी घुसडले नाही. पेढीच्या कागदांवर बोल्टनचे नाव पहिले, वॅटने त्यावरून कधी कुरबुर केली नाही. नक्कल करणाऱ्यांवर फिर्यादी केल्या त्या दोघांच्या नावाने. रॉयल सोसायटीचे सभासदत्व १७८५ साली दोघांनाही मिळाले, एक शोधक आणि दुसरा कारखानदार असूनही. याला केवळ मनाचा मोठेपणा म्हणणे भाबडेपणाचे होईल. दुसऱ्याचे काम आपल्या हातून होणार नाही, हे दोघांनाही पुरते ठाऊक होते. आणि स्वतंत्र नाव मिळविण्यासाठी बोल्टनला निराळे अंगण होते, हेही विसरून चालणार नाही.

ते अंगण म्हणजे टांकसाळ. १७८८च्या सुमारास त्याने सोहोत वाफेवर नाणी पाडणारी यंत्रे बसविली. इंग्लंडात त्या काळी तांब्याची खोटी नाणी बोकाळली होती. यंत्राने पाडलेले, काठ नेमका गोल आणि वजन सारखे असलेले नाणे खोटे पाडणे कठीण जाई. १७९७ सालचे ब्रिटनचे जाड तांब्याचे पेनी त्याच्याच टांकसाळीतले. त्याच्या आधी त्याची नाणी आपल्याकडे पोहोचली होती. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ साली तांब्याचे पैसे सोहोत पाडून घेतले. एका बाजूस कंपनीचे व्यापारी चिन्ह, दुसऱ्या बाजूस तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये 'अदल' म्हणजे न्याय या अर्थाचा फारसी लिपीतील शब्द. पुण्यात सवाई माधवरावांची कारकीर्द चालू असताना मुंबईच्या बाजारात फिरणाऱ्या या पैशावर बोल्टनचे नाव नव्हते आणि वॅटचेही नव्हते, पण तो वॅटच्या यंत्राच्या जोरावर बोल्टनच्या छापाखाली निघालेला होता. मुंबईच्या फोर्टातील टांकसाळीची इमारत १८२९ साली पुरी झाली, तेव्हा तिची बाष्पयंत्रेही सोहोच्याच पेढीकडून आलेली होती. मुंबईच्या इंजिनियर पथकातील हॉकिन्स नावाच्या अधिकाऱ्याने सोहोला जाऊन ही विद्या शिकून घेतली होती. त्या वेळेपर्यंत मूळचे दोन्ही भागीदार हयात नव्हते.

येथे एका तिसऱ्या माणसाचा विषय काढणे भाग आहे, कारण त्याच्याखेरीज या दोघांचे चित्र फाजील गोंडस होईल. विल्यम मर्डॉक १७७७ साली नोकरी मागायला सोहोत आला, तेव्हा त्याच्या हातातील टोपी लाकडाची होती, आणि ती त्याने स्वतः केलेल्या चरकावर कातलेली होती, अशी गोष्ट सांगतात. बोल्टनने ती टोपी पाहूनच त्याला ठेवून घेतले. कॉर्नवॉलमध्ये यंत्रे उभारण्याचा आणि चालती ठेवण्याचा भार पुढे वीस वर्षे बहुतांशी याच्याच खांद्यावर होता. चाक फिरविण्यासाठी दात्यांच्या दोन चाकांची जी युक्ती १७८१च्या पेटंटात आली, ती मर्डॉकची असे पुष्कळांचे मत आहे. वॅटचे म्हणणे असे की कल्पना आपलीच जुनी, मर्डॉकने ती फक्त अमलात आणली. पेटंट वॅटच्या नावावर आहे. मर्डॉकने वाफेवर धावणाऱ्या गाडीची लहान प्रतिकृती केली. १७८६ साली तिचे पेटंट घेण्यासाठी तो लंडनला निघाला असता एक्झिटरच्या रस्त्यावर बोल्टनशी त्याची गाठ पडली, आणि बोल्टनने गोड बोलून त्याला माघारी फिरविले. वॅटला ती गाडी नको होती. खाणीवरचा आपला उत्तम माणूस नादी लागेल, ही भीती. दगडी कोळशाच्या वायूने घर उजळण्याचा प्रयोग मर्डॉकने १७९२ साली कॉर्नवॉलमधील रेडरूथ गावी केला. पेढीने त्याचेही पेटंट घेतले नाही, पुढे त्या धंद्यात इतरांनी पैसा केला. रॉयल सोसायटीने १८०८ साली त्याला रम्फर्ड पदक दिले आणि पेढीने पुढे वर्षाला हजार पौंड. पैशाच्या बाबतीत त्याचा छळ झाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु नावाच्या बाबतीत बोल्टन आणि वॅट या दोघांनी मिळून मर्डॉकला जी वागणूक दिली, तीच पुढे जगाने बोल्टनला दिली.

पेटंटाची मुदत १८०० साली सरली. तोवर पेढीची साडेचारशे ते पाचशे यंत्रे उभी राहिली होती. दोघेही निवृत्त झाले आणि कारभार मुलांच्या हाती गेला. १८०९च्या ऑगस्टमध्ये बोल्टन वारला. वॅट तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता. महिनाभरातच, सप्टेंबरात, ग्लासगोहून त्याने आपल्या भागीदाराविषयी एक टिपण लिहून काढले. या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचा कागद तो. त्यात वॅट स्पष्ट लिहितो की, आपल्या ठायी निसर्गतःच असलेली निराशा आणि भिडस्तपणा यांना बोल्टनच्या उत्साही, आशावादी स्वभावाने तोलून धरले, आणि सोहो व बर्मिंगहॅम यांच्याकडून मिळण्याजोगे सारे साहाय्य त्याने मिळवून दिले. बाष्पयंत्रापासून जगाला जो लाभ झाला त्याचे ऋण बोल्टनकडेही आहे, हे वॅटने स्वतःच्या हाताने नोंदवून ठेवले आहे. मागे राहिलेल्या भागीदाराकडून याहून अधिक काय मागता येईल? पण ते टिपण घरगुती कागदांत राहिले आणि सार्वजनिक सभा निराळ्याच कारणांनी भरतात.

वॅट १८१९ साली निवर्तला. त्याच्या थोरल्या मुलाने, धाकट्या जेम्स वॅटने, बापाच्या कीर्तीची राखण हे आपले जन्मकार्य मानले. आरागोला चरित्राची साधने पुरविणारा तोच. पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे, या शोधाचे श्रेय कॅव्हेंडिशऐवजी आपल्या बापाला मिळावे यासाठीही त्याने वर्षानुवर्षे वाद चालविला. बोल्टनचा मुलगा कर्तबगार होता, पण त्याने ऑक्सफर्डशायरमध्ये ग्रेट ट्यू येथे मोठी जमीन घेतली आणि तो खानदानी जमीनदारीत रमला. बटणांच्या कारखानदाराचा मुलगा ही ओळख त्याला फारशी मिरवावीशी वाटत नसली, तर त्या काळच्या इंग्लंडात ते नवल नव्हे. एकाच्या घरी पुजारी होता, दुसऱ्याच्या घरी नव्हता. कीर्तीच्या बाबतीत या गोष्टीला जेवढे महत्त्व आहे तेवढे इतिहासकार सहसा देत नाहीत.

१८२४च्या जूनमध्ये लंडनला वॅटच्या स्मारकासाठी सभा भरली. अध्यक्ष खुद्द पंतप्रधान लॉर्ड लिव्हरपूल. राजाने पाचशे पौंड दिले. राजे आणि सेनापती यांच्या पंक्तीला एका यंत्रकाराला बसविण्याचा मान राष्ट्राने प्रथमच दिला, आणि गिरणीमालकांच्या नव्या वर्गाला त्यात आपला विजय दिसला. पण या वर्गाला देव्हाऱ्यात ठेवण्यासाठी हवा होता तो शास्त्रज्ञ, प्रतिभावंत, एकांतात चिंतन करणारा. सावकाराचे उंबरे झिजवणारा, पार्लमेंटात खटपट करणारा, बकले विकणारा भागीदार त्या देव्हाऱ्यात शोभला नसता. चँट्रीने घडविलेला वॅटचा संगमरवरी पुतळा वेस्टमिन्स्टर ॲबेत बसला. तो एवढा अवजड होता की आत नेताना फरशी खचली आणि खालची थडगी उघडी पडली. त्याखालचा लेख ब्रूमचा, भाषा भारदस्त. त्यात बोल्टनचे नाव नाही.

त्यानंतरची उतरंड सोपी होती. ब्रिटिश असोसिएशनपुढे १८८२ साली सीमेन्सने विद्युत्शक्तीच्या मापास वॅटचे नाव सुचविले, आणि पुढे साऱ्या जगाने ते मान्य केले. मापाला एकच नाव देता येते, त्याला कोणाचा इलाज नाही. उलट दिशेने हात देणारेही काही निघाले. 'सेल्फ हेल्प' या पुस्तकामुळे आपल्याकडील जुन्या वाचकांस परिचित असलेल्या सॅम्युअल स्माइल्सने सोहोचे कागद चाळून १८६५ साली दोघांचे जोडचरित्र लिहिले, आणि त्याच्या नावात बोल्टनला आधी घातले. बर्मिंगहॅमने १९५६ साली बोल्टन, वॅट आणि मर्डॉक या तिघांचा सोनेरी मुलाम्याचा एकत्र पुतळा उभारला. तिघे एका नकाशावर वाकून बोलत आहेत, अशी त्याची मांडणी आहे, आणि गावातले लोक त्याला 'सोन्याची पोरे' म्हणतात. हँड्सवर्थच्या सेंट मेरी चर्चमध्येही तिघांची स्मारके एका छपराखाली आहेत: वॅटसाठी खास बांधलेले दालन आणि त्यात पूर्णाकृती पुतळा, बोल्टनचा भिंतीवरचा अर्धपुतळा, मर्डॉकचाही अर्धपुतळा.

वेस्टमिन्स्टरमधील वॅटचा तो अवजड पुतळा १९६० साली तेथून हलविण्यात आला. बोल्टनच्या नावाची शिळा त्याच ॲबेत, वॅटच्या स्मारकाशेजारी, २०१४ साली बसली, त्याच्या मृत्यूनंतर दोनशे पाच वर्षांनी. त्याआधी २०११ साली बँक ऑफ इंग्लंडने पन्नास पौंडांच्या नोटेच्या मागील बाजूस दोघांची चित्रे शेजारी शेजारी छापली होती. त्या बँकेच्या नोटेच्या पाठीवर दोन व्यक्तींची चित्रे एकत्र येण्याची ती पहिली वेळ. ही नोट २०२२च्या सप्टेंबरअखेर चलनातून गेली. तिच्यावर एका यंत्राचेही चित्र होते. लंडनच्या व्हिटब्रेड यांच्या बियरच्या कारखान्यात ते यंत्र १७८५ साली बसले आणि १८८७ पर्यंत, एकशे दोन वर्षे, चालले. नंतर ते जहाजाने ऑस्ट्रेलियास गेले आणि सिडनीच्या पॉवरहाउस संग्रहालयाच्या ताब्यात आले. संग्रहालयाच्या दप्तरात त्याची नोंद 'बोल्टन आणि वॅट यंत्र' अशी आहे.